पंचवीस हजार टन

दिवसाला १,२५० टन ऊस गाळणारा एक कारखाना घ्या. साठच्या दशकात नव्या सहकारी कारखान्याला दिल्लीहून परवाना मिळे तो बहुधा याच क्षमतेचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास बॉयलर पेटला, गव्हाणीत मोळी पडली आणि फारशी मोडतोड न होता हंगाम एकशेऐंशी दिवस चालला, तर सव्वादोन लाख टन ऊस गाळून होतो. उतारा अकरा टक्के धरू. प्रवरा-गोदावरीच्या पाटाखालच्या उसाला तो जड नाही. गोदामात येते ती साखर २४,७५० टन.

१८ जुलै १९७५ रोजी ब्रसेल्समध्ये भारत सरकार आणि युरोपीय आर्थिक समुदाय यांच्यात उसाच्या साखरेचा करार झाला. युरोपने दरवर्षी हमीभावाने भारताची किती साखर घ्यायची, याचा आकडा त्यात होता: २५,००० टन. सगळ्या देशाला मिळून एका कारखान्याचा एक हंगाम. त्या वेळी देशात साखर कारखाने होते अडीचशेच्या आसपास, आणि एकट्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात खासगी-सहकारी मिळून दहाच्या वर. देशाला एवढी साखर खायला अडीच-तीन दिवस पुरत.

इतका किरकोळ आकडा आंतरराष्ट्रीय करारात कसा शिरला, आणि शिरल्यावर सहाच वर्षांत तो शून्य कसा झाला, याची गोष्ट ब्रिटनच्या युरोपातल्या प्रवेशाशी बांधलेली आहे. नगर जिल्ह्याशीही ती बांधलेली आहे, पण जरा लांबून.

नगरचा ऊस हा धरणांचा ऊस. प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले. ते बांधताना सरकारच्या मनात होता दुष्काळ. पाटाला पाणी आल्यावर शेतकऱ्याच्या मनात आला ऊस आणि गूळ. पहिला डाव मात्र शेतकऱ्याच्या हाती लागला नाही. हरेगावला ब्रॅडी कंपनीचा बेलापूर शुगर, टिळकनगरला डहाणूकरांचा महाराष्ट्र शुगर, पुणतांब्याजवळ चांगदेव, कोपरगाव भागात सोमय्यांची साकरवाडी आणि लक्ष्मीवाडी, असे कारखाने उभे राहिले. शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन त्यांनी हजारो एकरांचे मळे केले. ज्याची जमीन, तोच त्या मळ्यावर मजुरीला, असा प्रकार कितीतरी गावांनी पाहिला.

१९४५ च्या डिसेंबरात बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपूरला, दख्खनच्या कालव्यांवरील बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्ष होते अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. कारखाना शेतकऱ्यांनीच काढावा, हा विचार तिथे रुजला. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून भागभांडवल जमवले, मुंबई राज्याचे मंत्री वैकुंठभाई मेहता पाठीशी उभे राहिले आणि १९५० च्या अखेरीस प्रवरा सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम सुरू झाला. पुण्याच्या गोखले संस्थेतला प्राध्यापक लोणीच्या कारखान्याचा अध्यक्ष, ही आज नवलाची वाटणारी गोष्ट पुढे बरीच वर्षे चालली.

प्रवरेची चाके फिरायला लागून वर्ष होते न होते तोच, १९५१ च्या डिसेंबरात लंडनमध्ये राष्ट्रकुल साखर करार झाला. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता. ब्रिटनमध्ये युद्धकाळापासून साखरेचे रेशनिंग होते. ते उठायला १९५३ उजाडले. आपल्या घरची गोडी परक्यांच्या हाती राहू नये म्हणून ब्रिटनने वेस्ट इंडीज, मॉरिशस, फिजी, ऑस्ट्रेलिया यांच्याशी बांधून घेतले: तुम्ही दरवर्षी इतके टन द्यायचे, आम्ही ठरलेल्या भावाने घ्यायचे, जगातला भाव चढो की पडो. लंडनच्या सिल्व्हरटाऊनला टेट अँड लाईलच्या रिफायनऱ्या याच कच्च्या साखरेवर चालत. भारत या करारात नव्हता. साखरेचा निर्यातदार म्हणून त्याला तेव्हा कोणी ओळखतही नव्हते.

ती ओळख व्हायला क्युबाची क्रांती कारणी लागली. अमेरिकेने १९६० मध्ये क्युबाची साखर बंद केली आणि तिच्या जागी इतर देशांना कोटे वाटले. त्यात भारतालाही थोडा मिळाला. देशात परकीय चलनाची ओढाताण होती. १९५८ चा साखर निर्यात कायदा कारखान्यांकडून निर्यातीची साखर काढून घेण्यासाठीच केलेला होता. परदेशात तोटा झाला तरी डॉलर आणि पौंड मिळतात ना, मग पाठवा, असा तो हिशेब. याच ओघात १ जानेवारी १९६५ पासून भारत राष्ट्रकुल साखर करारात दाखल झाला आणि त्याच्या नावापुढे पंचवीस हजार टन लिहिले गेले. ऱ्होडेशियाही त्याच वेळी आला, पण त्या वर्षअखेर तिथल्या गोऱ्यांच्या सरकारने एकतर्फी स्वातंत्र्य पुकारले आणि त्याचा कोटा गोठला. भारत टिकला.

करारातला भाव ही तेव्हा चैन होती. १९६६ पासून ब्रिटन टनाला साडेत्रेचाळीस पौंड देत होते. खुल्या बाजारात साखर दोन सेंटांना पौंडभर मिळत होती, म्हणजे निम्म्याहून कमी. पण भारताच्या नशिबाची गंमत अशी, की भाव चांगला मिळायला लागला तेव्हाच घरात साखर उरली नाही. लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला आणि १९६६-६७ मध्ये देशाचे उत्पादन साडेएकवीस लाख टनांवर घसरले. बंदरात अमेरिकेचा गहू उतरत होता, शहरांत साखरेला रांगा होत्या. त्याच वर्षी गाडगीळ योजना आयोगाचे उपाध्यक्ष झाले. ज्यांनी लोणीत शेतकऱ्याच्या कारखान्याचा हिशेब तपासला होता, ते आता साऱ्या देशाचा ताळेबंद मांडायला बसले. १९६७ मध्ये सरकारने साखरेचे दोन भाग केले: साठ टक्के लेव्हीची, म्हणजे सरकारने ठरवलेल्या भावाने रेशनसाठी द्यायची, चाळीस टक्के खुल्या बाजारात विकायची. पुढली कित्येक वर्षे नगरच्या कारखान्यांचे अर्थकारण या प्रमाणावर नाचले. साठ-चाळीस, सत्तर-तीस, पासष्ट-पस्तीस हे आकडे कारखान्याच्या वार्षिक सभेत सभासदाला तोंडपाठ असत. ब्रिटिश कोट्याचा आकडा कोणी विचारल्याचे मी कुणा जुन्या सभासदाकडून ऐकलेले नाही.

ब्रिटनचे मन तर केव्हाच युरोपकडे वळलेले होते. मॅकमिलन सरकारने १९६१ मध्ये युरोपच्या सामायिक बाजारात शिरण्यासाठी अर्ज केला आणि दिल्लीत चिंता सुरू झाली. चहा, सुती कापड, ताग, कातडी हा माल ब्रिटनमध्ये जकातीशिवाय जाई. ब्रिटन आत गेले की त्याच मालावर युरोपची जकात बसणार. सप्टेंबर १९६२ मध्ये लंडनला राष्ट्रकुलातल्या पंतप्रधानांची परिषद झाली तेव्हा नेहरूंनी नाराजी लपवली नाही. त्यांचा आक्षेप जकातीपुरता नव्हता. श्रीमंत देशांचा नवा गट गरीब देशांना आणखी दूर लोटेल, ही भीती होती. ती खरी-खोटी ठरण्याआधीच जानेवारी १९६३ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी ब्रिटनला दारातून परत पाठवले. १९६७ मध्ये पंतप्रधान विल्सन गेले. तेही तसेच परतले.

तिसऱ्या खेपेला दार उघडले. १९७० मध्ये एडवर्ड हीथ पंतप्रधान झाले, वाटाघाटींचे काम जेफ्री रिपन यांच्याकडे आले, आणि आता प्रश्न उरला तो राष्ट्रकुलातल्या गरीब देशांचे काय करायचे याचा. युरोपजवळ एक नमुना तयार होता. मुख्यतः फ्रान्स-बेल्जियमच्या जुन्या आफ्रिकी वसाहतींतल्या अठरा देशांशी १९६३ मध्ये याउंडे करार झालेला होता. त्यांचा माल बहुतेक जकातीविना येई आणि वर मदतही मिळे. ब्रिटनच्या जुन्या वसाहतींनाही तिथेच बसवावे, असे ठरले. पण कोणत्या वसाहतींना? आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिक यांना हो, आशियाला नाही.

कारण उघड बोलले जात नसले तरी सगळ्यांना ठाऊक होते. भारत फार मोठा होता. विस्तारानंतरच्या युरोपीय समुदायातल्या नऊ देशांची मिळून लोकसंख्या पंचवीस कोटींच्या आसपास. १९७१ च्या जनगणनेत एकट्या भारताची चोपन्न कोटींच्या वर भरली. आमचे कापड, ताग, कातडे बिनजकात आत येऊ लागले तर तिथल्या गिरण्यांचे कसे होणार? शिवाय आपल्या आफ्रिकी मित्रांच्या पंगतीत नवे वाटेकरी नकोत, असा फ्रान्सचा आग्रह. २२ जानेवारी १९७२ रोजी प्रवेशाचा तह झाला, त्याला एक प्रोटोकॉल जोडलेला होता. त्यात राष्ट्रकुलातल्या वीस विकसनशील देशांची नावे होती, बार्बाडोसपासून झांबियापर्यंत. टोंगा होते, लेसोथो होते. भारत नव्हता. भारत, श्रीलंका, पाकिस्तान, मलेशिया आणि सिंगापूर यांच्यासाठी निराळे घोषणापत्र होते: यांच्याशी व्यापार वाढवण्याचा आमचा इरादा आहे. इराद्यावर कोणाला कर्ज मिळत नाही, पण त्यातून पुढे डिसेंबर १९७३ मध्ये भारत आणि युरोपीय समुदाय यांचा व्यापारी सहकार्य करार झाला. जकातीत बुडालेले सगळे काही त्याने भरून आले नाही. बोलणी सुरू राहण्याची सोय झाली.

साखरेचा धागा या सगळ्यातून वेगळा राहिला, आणि तो राहिला म्हणून आपले पंचवीस हजार टन वाचले. जून १९७१ मध्ये रिपन यांनी साखर उत्पादक देशांना लंडनच्या लँकेस्टर हाऊसमध्ये बोलावले आणि आश्वासन दिले की राष्ट्रकुल कराराची मुदत संपल्यावरही विकसनशील देशांच्या साखरेला युरोपात जागा राहील. या आश्वासनाच्या भाषेवर पुढची तीन वर्षे कज्जा चालला. युरोपकडे बीट होते. आपल्याकडे बीट कोशिंबिरीत जाते. तिकडे फ्रान्स आणि जर्मनीतल्या शेतकऱ्यांची मते त्यावर ठरत. उसाची साखर जितकी आत येईल तितके बीट कमी पेरावे लागणार, आणि तसे सांगण्याची हिंमत कोणत्या सरकारमध्ये होती? ऑस्ट्रेलियाला श्रीमंत म्हणून यादीतून वगळण्यात आले. त्याचे सव्वातीन लाख टनांहून जास्त गेले. उरलेल्यांसाठी फेब्रुवारी १९७५ अखेरपर्यंतची मुदत होती.

गाडगीळ यांचे निधन त्या लँकेस्टर हाऊसच्या बैठकीच्या महिनाभर आधी, ३ मे १९७१ रोजी झाले. दिल्लीत साखरेच्या बाजूने आता नगरची दुसरी माणसे होती. जिल्ह्यातून लोकसभेवर गेलेले अण्णासाहेब शिंदे कृषी खात्याचे राज्यमंत्री होते. अन्न विभाग, आणि त्यामुळे साखर, त्याच मंत्रालयात. बाळासाहेब विखे पाटील १९७१ मध्येच कोपरगावमधून खासदार झाले. दोघांच्या मतदारसंघांत तेव्हा साखरेचा विषय नव्हता, पाण्याचा होता. १९७२ साली पाऊस गेला तो असा की माणसे खडी फोडायला, पाझर तलावांच्या आणि रस्त्यांच्या कामावर आली. कामावर सुकडी वाटली जाई आणि रेशनवर मिलोची लाल ज्वारी मिळे. ब्रसेल्समध्ये उष्ण कटिबंधातल्या साखरेच्या भवितव्यावर चर्चा चालू असताना नगरला ऊस जनावरांच्या चाऱ्यासाठी तोडला जात होता.

मग १९७४ आले आणि सगळा खेळ उलटला. जगात साखर कमी पडली. नोव्हेंबरात न्यूयॉर्कला भाव पासष्ट सेंटांवर गेला. आठ वर्षांपूर्वी तो दोन सेंटांच्या आत होता. ज्या देशांनी ब्रिटनला हमीभावाने साखर बांधून दिली होती, त्यांना आता करार गळफास वाटू लागला. कॅरिबियन साखर दुसरीकडे वळली, लंडनच्या दुकानांत साखर मिळेना, गिऱ्हाईक पुडे साठवू लागले. काल दारात उभे राहून विनवणाऱ्यांकडे आज युरोप विनवणी करत होता. या घडीला वाटाघाटी झाल्या म्हणून पुढे जे मिळाले ते मिळाले, असे माझे मत आहे; ७१ साली किंवा ७८ साली तेच टेबल मांडले असते, तर निम्मेही हाती लागले नसते. ब्रिटनने १९७५ च्या साखरेला टनामागे २६० पौंड कबूल केले. २८ फेब्रुवारी १९७५ रोजी, म्हणजे मुदतीच्या शेवटच्या दिवशी, टोगोच्या लोमे शहरात नऊ युरोपीय आणि सेहेचाळीस आफ्रिकी, कॅरिबियन, पॅसिफिक देशांनी करार केला. त्याला जोडलेल्या साखर प्रोटोकॉलने सुमारे तेरा लाख टन उसाच्या साखरेला बेमुदत हमी दिली.

भारत लोमे करारात नव्हता, पण जुन्या राष्ट्रकुल साखर कराराचा सभासद होता. म्हणून त्याच अटींचा वेगळा करार करून त्याला साखरेपुरते आत घेतले गेले. पुढच्या दरवाजाने नाही, तर गोदामाच्या दाराने. १९७५ च्या जुलैत तो झाला तेव्हा परराष्ट्र मंत्री होते यशवंतराव चव्हाण, ज्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखानदारीने जोर धरला होता.

आता तेरा लाखांतली वाटणी पाहा. एकट्या मॉरिशसला ४,८७,२०० टन. फिजीला १,६३,६००. गयानाला १,५७,७००. भारताला २५,०००. मॉरिशस हे बेट आपल्या नगर जिल्ह्याच्या आठव्या हिश्श्याएवढे, आणि तिथल्या मळ्यांवर राबणाऱ्यांत एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून नेलेल्या मराठी गिरमिटियांची नातवंडे-पतवंडेही होती. त्यांच्या बेटाला आपल्या देशाच्या जवळजवळ वीसपट. यात अन्याय शोधायला गेलो तर फारसा सापडत नाही. मॉरिशसकडे विकायला उसाशिवाय काही नव्हते. हमीभावाच्या त्या पैशातून त्या बेटाने पुढे कपड्यांचे कारखाने आणि हॉटेले उभी केली. भारताचे पोट या पंचवीस हजारांवर नव्हते. पण करारात पाय ठेवायला जागा असणे आणि नसणे यात फरक असतो, आणि तो फरक आपण पुढे किती जपला हा प्रश्न आहे.

करारातली एक अट इथे नीट वाचायला हवी. जुलै ते जून हे पुरवठ्याचे वर्ष. एखाद्या देशाने ठरलेली साखर दिली नाही, आणि त्याला अस्मानी-सुलतानीसारखे मान्य होणारे कारण नसले, तर जितकी कमी दिली तितकी त्याच्या कोट्यातून पुढच्या प्रत्येक वर्षी कायमची वजा. साधी, कोरडी, व्यापाऱ्याला शोभणारी अट.

पहिली काही वर्षे अडचण नव्हती. उलट १९७४ ते १९७६ या काळात भारताने जगाच्या चढ्या भावाचा फायदा घेतला. राज्य व्यापार महामंडळामार्फत साखर बाहेर गेली आणि १९७५-७६ मध्ये साडेचारशे कोटींहून अधिक रुपयांचे परकीय चलन तिने आणले. हे पैसे कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत कितीसे पोचले? निर्यात सरकारी, भाव सरकारी, लेव्ही सरकारी. दौंड-मनमाड लोहमार्गावर बेलापूर स्टेशनात वाघिणीत चढणारे शंभर किलोंचे तागाचे पोते लंडनला चालले आहे की कानपूरला, याने उसाच्या बिलात फार फरक पडत नव्हता. सभासद भांडायचा तो पहिल्या उचलीसाठी आणि दुसऱ्या हप्त्यासाठी. ते दोन्ही दिल्लीतल्या लेव्ही भावावर ठरत. ब्रसेल्सचा करार नगरला न पोचण्याचे खरे कारण अंतर नव्हते. मध्ये दिल्ली होती.

आणि शेवटी तो करार दिल्लीनेच घालवला, असे म्हणावे लागते. थोडी वरुणराजाची मदत झाली. १९७७-७८ मध्ये उत्पादन एकदम ६४ लाख टनांवर गेले. जगात भाव पडलेला. जनता सरकारने ऑगस्ट १९७८ मध्ये साखरेवरचे नियंत्रण पूर्णपणे उठवले. मोकळी साखर बाजारात एकदम आली आणि भाव कोसळला. कारखान्यांची देणी थकली. उत्तर प्रदेशात शेतकऱ्यांनी उभा ऊस जाळला. महाराष्ट्रात सहकारी कारखान्यांनी ऊस गाळून घेतला, पण भाव देताना त्यांचीही दमछाक झाली. दुसऱ्या वर्षी लागवड घटली. त्यात १९७९ ला पावसाने पाठ फिरवली. १९७९-८० ची साखर झाली ३८ लाख साठ हजार टन. दोन वर्षांपूर्वीच्या साठ टक्के. डिसेंबर १९७९ मध्ये लेव्ही परत आली. तोवर उशीर झाला होता. १९८० साली भारताने साखर आयात केली, आणि तीही जगात भाव पुन्हा चढलेला असताना.

स्वतःच साखर विकत घेणारा देश युरोपला कुठून देणार? १९८०-८१ च्या पुरवठ्यात भारत चुकला. मागणी असताना माल न देणे हे व्यापारात माल वाईट देण्याहून वाईट. समुदायाने अट वाचली आणि १ जुलै १९८१ पासून भारताचा कोटा शून्यावर आणला. युगांडाचाही कोटा असाच शून्य झाला होता, पण तिथे इदी अमीनची राजवट येऊन गेली होती. आपल्याकडे फक्त धोरण येऊन गेले होते.

पुढचे वाचताना हसावे की चिडावे कळत नाही. कोटा गेला त्याच्या पुढच्याच हंगामात, १९८१-८२ मध्ये, देशाने ८४ लाख टन साखर केली. तोवरचा उच्चांक. गोदामे भरली, कारखान्यांच्या आवारात ताडपत्र्यांखाली पोत्यांच्या थप्प्या लागल्या. विकायला साखरच साखर, आणि हमीभावाचे गिऱ्हाईक नुकतेच हातचे गेलेले. भारताने युरोपला विनवले. १९८३ मध्ये कोटा परत मिळाला, पण दहा हजार टनांचा. पंधरा हजार कायमचे गेले. कारखान्याच्या हिशेबात सांगायचे तर दिवाळीला सुरू झालेला हंगाम जानेवारीतच आटोपल्यासारखे.

नगरला त्याची झळ लागली का? मला तरी तसे दिसत नाही. ऐंशीच्या दशकात मुळा, ज्ञानेश्वर, वृद्धेश्वर असे कारखाने जिल्ह्याच्या दुष्काळी बाजूपर्यंत पोचलेले होते, आणि पाथर्डी-बीडकडच्या टोळ्या दिवाळीनंतर कोयते घेऊन त्यांच्या फडांत उतरत. त्यांचे सगळे गिऱ्हाईक देशातच होते. ज्या करारासाठी वर्षानुवर्षे बोलणी झाली, तो गेल्याचे लोणीत किंवा कोळपेवाडीत कोणी रडले नाही. म्हणून तो बिनमहत्त्वाचा ठरतो असे मात्र नाही. कच्ची साखर परदेशी रिफायनरीला चालेल अशी करणे, ती तारखेला बंदरात पोचवणे, एका गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षे सांभाळणे, या सवयी आपल्या कारखान्यांना लागायला हव्या होत्या. त्या लागल्या नाहीत. निर्यात म्हणजे साखर जास्त झाली की करायची आणि कमी झाली की बंद करायची गोष्ट, ही समजूत तेव्हा पक्की झाली आणि अजून आहे.

तिकडे युरोपही धुतल्या तांदळासारखा नव्हता. बीटला दिलेल्या चढ्या भावाने सत्तरीच्या अखेरीस तो स्वतःच मोठा निर्यातदार झाला आणि अनुदान देऊन स्वस्तात साखर जगाच्या बाजारात ओतू लागला. २००५ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि थायलंड यांनी जागतिक व्यापार संघटनेत त्याला हरवले. युरोपचा तिथला एक युक्तिवाद असा होता की आम्ही आफ्रिका, कॅरिबियन, पॅसिफिक आणि भारतातून सोळा लाख टन साखर घेतो, तितकी बाहेर पाठवली तर ती मोजू नका. त्या सोळा लाखांत आपले दहा हजार. युक्तिवाद फेटाळला गेला. मग युरोपने आपला साखरेचा भाव छत्तीस टक्के उतरवायला घेतला आणि जिला बेमुदत म्हटले होते ती लोमेची हमी ३० सप्टेंबर २००९ रोजी संपवली. मॉरिशस, फिजी, गयाना यांना ते जड गेले. गयानात मळे बंद पडले.

भारताचे दहा हजार टन मात्र सवलतीच्या जकातीचा कोटा म्हणून राहिले; विदेश व्यापार महासंचालनालय दरवर्षी त्याची सूचना काढते. ब्रिटन युरोपातून बाहेर पडले तेव्हा या दहा हजारांचीही वाटणी झाली: युरोपकडे ५,८४१ टन राहिले, बाकीचे ब्रिटनच्या वाट्याला गेले. जून २०२२ पासून भारताने साखरेच्या निर्यातीवर बंधने घातली आणि २०२३ च्या ऑक्टोबरात ती पुढे चालू ठेवली. त्या आदेशात एक अपवाद होता: युरोप आणि अमेरिकेच्या कोट्यातली साखर. नगरमधला एखादा कारखाना आज दिवसाला पाच-सहा हजार टन ऊस गाळत असेल, तर युरोपच्या वाट्याची ती साखर त्याच्याकडून दहा दिवसांत होते.